तेल तळपायांना, झोप डोळ्यांना

कोकणात आपल्या वाडवडिलांना 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्या तिळाच्या तेलाची मला सत्तरीनंतर आठवण झाली, रात्री दोन वाजता छताकडे बघत पडले असताना.

आयुर्वेदात झोप ही आहाराइतकीच महत्त्वाची. म्हातारपणी वात वाढतो, झोप तुटते, आणि वातावर तेल हा मोठा उपाय. झोपण्यापूर्वी चमचाभर कोमट तीळतेल तळपायांना पाच मिनिटं चोळावं. भाजलेल्या तिळाचं काळपट तेल नको, त्याचा वास अंथरुणालाही लागतो. फिकट घ्या. शब्बाथच्या रात्री मी ते गरम न करता तसंच लावते.

मग पाय पुसा, अगदी कोरडे. पहिल्याच आठवड्यात मी तशीच संडासला उठले आणि फरशीवर घसरले. दाराची कडी हाती लागली म्हणून खुबा वाचला! आता पलंगाजवळ रबरी तळव्यांच्या सपाता असतात आणि बारीक दिवा रात्रभर चालू.

मधुमेह असलेल्यांनी तेल किती गरम आहे ते हाताने बघावं, पायाला कळत नाही. जखम असेल तर लावूच नये.

जायफळ घातलेलं गरम दूध सर्वांना ठाऊक आहे. पण शुक्रवारी रात्री मटण खाल्ल्यावर दूध कसं चालेल? त्या रात्री मी नुसतं कोमट पाणी पिते. जायफळ मात्र चिमूटभरच, जास्त झालं तर गरगरतं. आणि डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्यांना विचारा.