फुकुशिमाच्या विहिरींची पातळी

फुकुशिमा दाइची अणुऊर्जा प्रकल्पाच्या पश्चिमेला डोंगर, पूर्वेला पॅसिफिक महासागर. डोंगरात मुरलेला पाऊस जमिनीखालून समुद्राकडे जातो आणि वाटेत त्याला अणुभट्ट्यांची तळघरे लागतात. 11 मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर तीन भट्ट्यांतले इंधन वितळले. ते थंड ठेवायला सतत पाणी सोडावे लागते. हे पाणी किरणोत्सारी होऊन तळघरांत साठते आणि भेगांतून शिरणारे भूजल त्यात मिसळते. सुरुवातीच्या वर्षांत रोज सुमारे 400 टन भूजल असे आत येत होते.

मग सभोवतालचे भूजल उपसून का टाकू नये?

कारण पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे वाहते. बाहेरची पातळी तळघरातल्या पाण्याच्या वर असेल, तोवर पाझर आतल्या बाजूला राहतो. त्याने साठा वाढतो, पण विष कोंडलेलेही राहते. बाहेरची पातळी खाली गेली, की तळघरातले पाणी जमिनीत उतरू लागेल. म्हणून भूजल उतरवायचे, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा सांभाळण्याची सगळी भिस्त इमारतींभोवतीच्या विहिरींवर आणि त्यांतल्या पातळीमापकांवर आहे.

डोंगराकडून येणारे भूजल अडवण्यासाठी 31 मार्च 2016 रोजी भट्ट्यांभोवतीची जमीन गोठवायला सुरुवात झाली. सुमारे दीड किलोमीटर लांब, 30 मीटर खोल अशी ही बर्फाची भिंत. दीड हजारांहून अधिक नळ्यांतून उणे 30 अंशांचे खारे द्रावण फिरवून तयार केलेली. डोंगराकडची बाजू मात्र एकदम बंद केली नाही. तसे केले असते तर आतले भूजल झपाट्याने खाली गेले असते. शेवटचा तुकडा गोठवायला घेतला तो ऑगस्ट 2017 मध्ये.

पुढच्याच महिन्यात प्रकल्प चालवणाऱ्या टेपको कंपनीने जाहीर केले, की सहा विहिरींतील मापकांची मांडणी चुकली होती. फरक सुमारे 70 सेंटीमीटरचा. म्हणजे यंत्र दाखवत होते त्यापेक्षा पाणी बरेच खाली होते, आणि एका विहिरीत तर ते काही काळ तळघरातल्या पातळीच्याही खाली गेले असावे. ही चूक किरकोळ मुळीच नव्हती. इतकी खर्चिक भिंत उभारूनही, मापकाचे शून्य चुकले तर सुरक्षिततेचा हिशेबच चुकतो.

विहिरींतला उपसा, बर्फाची भिंत आणि फरसबंदी यांमुळे दूषित पाण्याची रोजची वाढ आता 100 टनांच्या खाली आली आहे. भट्ट्यांत सुमारे 880 टन वितळलेले इंधन-अवशेष आहेत. ते काढण्याचे काम अनेक दशके चालणार आहे, आणि तळघरांत पाणी आहे तोवर या विहिरींची पातळी मोजावीच लागेल.