डेटाबेस लॉक झालाय, पण आत कोण आहे?

चाकणच्या ग्राहक कंपनीतून फोन येतो: मागच्या लॉटचं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट लगेच पाठवा, ऑडिटर समोर बसलेत. सांगवीतल्या गाळ्यात वाहनांच्या सुट्या भागांचा एखादा छोटा सप्लायर कागदपत्रांचं सॉफ्टवेअर उघडतो, सर्टिफिकेट स्कॅन करून सेव्ह दाबतो, आणि पडद्यावर उमटतं: ‘डेटाबेस इज लॉक्ड’. ड्रॉइंगच्या रिव्हिजन, पीपॅपच्या, म्हणजे सुटा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याच्या, फायली, कॅलिब्रेशनचे दाखले, सगळं आत आणि दाराला कडी.

ही कडी बहुधा ‘एसक्यूलाइट’ची असते. रिचर्ड हिप यांनी २००० साली हा डेटाबेस लिहिला, तोही वैतागून. अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठी ते एका प्रणालीवर काम करत होते. मागचा डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्राम हात वर करायचा आणि बोलणी मात्र त्यांना बसायची. मग सर्व्हरच नको, सगळी माहिती एका साध्या फाइलीत ठेवू, असं त्यांनी ठरवलं. आज तो जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. कागदपत्रं सांभाळणारं ‘पेपरलेस-एनजीएक्स’ हे मोफत सॉफ्टवेअरही वेगळं काही सांगितलं नाही तर हाच डेटाबेस वापरतं.

सर्व्हर नाही म्हणजे रांग लावणारा मधला माणूसही नाही. वाचणारे कितीही असोत, लिहिणारा एका वेळी एकच. ही शिस्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल-लॉकवर चालते आणि प्रोग्राम बंद पडला की त्याचं लॉक आपोआप सुटतं. म्हणूनच लॉक सुटत नसेल तर कुठला तरी जिवंत प्रोग्राम ते धरून बसलाय, असं आधी समजावं. खिडकी बंद केली तरी टास्क मॅनेजरमध्ये तो चालू दिसतो. कधी अँटिव्हायरस फाइल तपासत असतो, कधी रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत लांबलेला असतो. डेटाबेसची फाइल ऑनलाइन ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये किंवा ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये असेल तर काम आणखी अवघड, कारण नेटवर्कवरच्या लॉकवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

अशा वेळी कुणीतरी जाणकार सांगतो, ‘डेटाबेसच्या शेजारची ती फालतू फाइल उडवून टाक.’ खरा घात इथेच होतो. एसक्यूलाइटच्या, नावाच्या शेवटी ‘जर्नल’ असलेल्या फाइलीत बदलाआधीची पानं जपलेली असतात. वीज गेली तर अर्धवट लिखाण त्यांच्याच आधारे मागे घेतलं जातं. नावाच्या शेवटी ‘वॉल’ असलेल्या फाइलीत तर मुख्य फाइलीत अजून न पोचलेल्या ताज्या नोंदी असू शकतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या दुसऱ्या डेटाबेसची गोष्ट वेगळी: तिथली लॉक-फाइल कॉम्प्युटर अचानक बंद पडल्यावर मागे राहू शकते, आणि डेटाबेस कुणीच उघडलेला नाही याची खात्री झाल्यावर काढताही येते. एकाचं औषध दुसऱ्याला द्यायचं नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

म्हणून आधी प्रत्येक कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम पुरता बंद करावा आणि सिंक थांबवावं. शेजारच्या फायलींसकट सगळ्याची प्रत काढावी, मग एकाच कॉम्प्युटरवर डेटाबेस उघडून तो शाबूत आहे का हे पाहणारा ‘इंटिग्रिटी चेक’ चालवावा. लॉक वरचेवर होत असेल तर डेटाबेस शेअर्ड फोल्डरमधून काढून त्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर न्यावा. पेपरलेसमध्ये एकाच वेळी स्कॅन वाचणारे वर्कर वाढवले की हा त्रास होऊ शकतो. त्यावर लॉक सुटेपर्यंत थांबण्याची मुदत वाढवता येते, नाहीतर पोस्टग्रेस हा सर्व्हरवाला डेटाबेस घेता येतो. दोन-तीन माणसांच्या ऑफिसला बहुतेक वेळा मुदत वाढवणंच पुरतं.