टाइम्सची उमेदवारी

‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या दैनिकात होतकरू पत्रकारांसाठी जी फेलोशिप, म्हणजे ठरावीक मुदतीची सवेतन उमेदवारी, ठेवलेली आहे, तिचे मूळ १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘मेटप्रो’ या योजनेत सापडते. अल्पसंख्याक समाजांतील तरुणांना संपादकीय कामाचे शिक्षण देणे हा त्या योजनेचा हेतू होता. असे उपक्रम संस्थेच्या औदार्याच्या खाती जमा करण्याची रीत आहे. या दैनिकाच्या बाबतीत मात्र ती गरज होती, आणि ती उघडी पाडणारी घटना योजनेच्या एकोणीस वर्षे आधीची आहे.

ऑगस्ट १९६५ मध्ये शहराच्या दक्षिण भागातील वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीच्या परिसरात पोलिसांनी एका तरुण मोटारचालकाला अडवल्याचे निमित्त होऊन जी दंगल पेटली, ती सहा दिवस चालली, तिच्यात ३४ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे चार कोटी डॉलरांची मालमत्ता नष्ट झाली. गोऱ्या बातमीदारांना त्या भागात फिरणे धोक्याचे झाले होते, आणि टाइम्सच्या वार्ताहरांत कृष्णवर्णीय एकही नव्हता. तेव्हा जाहिरात विभागातील रॉबर्ट रिचर्डसन हा चोवीस वर्षांचा कर्मचारी स्वतःहून तयार झाला. तो सार्वजनिक टेलिफोनवरून डोळ्यांदेखत घडलेले सांगत असे आणि कार्यालयातले लोक ते उतरवून घेत. या वार्तांकनाबद्दल दैनिकाला १९६६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते मिळवण्यासाठी जाहिरात विभागातून माणूस उसना घ्यावा लागला, ही गोष्ट पारितोषिकापेक्षा अधिक बोलकी आहे.

ही उणीव एकट्या टाइम्सची नव्हती. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात वृत्तपत्रांवर ठपका ठेवला होता, आणि १९७८ मध्ये अमेरिकन वृत्तपत्र संपादकांच्या संघटनेने असे उद्दिष्ट ठरवले की इ. स. २००० पर्यंत वार्ताकक्षांतील अल्पसंख्याकांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाइतके व्हावे. (पुढे ती मुदत २०२५ पर्यंत लांबवण्यात आली.) टाइम्समध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील लॅटिनो समाजावर मेक्सिकन-अमेरिकन पत्रकारांनीच लिहिलेल्या आणि संपादित केलेल्या लेखमालेला १९८४ मध्ये लोकसेवेचे पुलित्झर सुवर्णपदक मिळाले. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यातलीच माणसे लिहू लागली की बातमीचा पोत कसा बदलतो, याचा याहून ठळक पुरावा त्या वर्षी दुसरा कोणता देता आला नसता.

मेटप्रोची मूळ रचना दोन वर्षांची होती. पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामातून शिक्षण होई आणि दुसऱ्या वर्षी उमेदवाराला टाइम्स मिरर या मालक कंपनीच्या एखाद्या वृत्तपत्रात पाठवले जाई. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे ‘न्यूजडे’ आणि कनेक्टिकटमधले ‘हार्टफोर्ड कूरंट’ ही दैनिके तेव्हा याच कंपनीची असल्याने, एका अनोळखी शहरात जरा जम बसतो न बसतो तोच दुसरे अनोळखी शहर समोर उभे राहण्याची शक्यता असे.

अनोळखीपणाचा खरा कस लॉस एंजेलिसमध्येच लागतो, कारण बाहेरून एक दिसणारे हे शहर कारभाराच्या दृष्टीने एक नाहीच. सुमारे एक कोटी वस्तीच्या लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय घटकात, ८८ स्वतंत्र शहरे आहेत आणि त्यांपैकी फक्त एकाचे नाव लॉस एंजेलिस आहे. ईस्ट लॉस एंजेलिस या मोठ्या लॅटिनो वस्तीला स्वतःची नगरपालिका नाही. तिचा कारभार काउंटीचे पाच निवडून आलेले पर्यवेक्षक पाहतात, ज्यांतील प्रत्येक जण जवळजवळ वीस लाख लोकांचा प्रतिनिधी असतो. कॉम्प्टनमध्ये खून झाला तर तपास शहर पोलिसांकडे नसतो, कारण त्या शहराने २००० मध्ये आपले पोलीस दल मोडून ते काम काउंटीच्या शेरीफकडे, म्हणजे निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाकडे, सोपवले. शवविच्छेदन काउंटीचे वैद्यकीय कार्यालय करते आणि खटला काउंटीचा निवडून आलेला सरकारी वकील चालवतो. रस्त्याच्या एका बाजूला घडलेल्या घटनेसाठी कोणाला फोन करायचा आणि समोरच्या बाजूसाठी कोणाला, हे ज्याला ठाऊक नाही त्याची बातमी पहिल्याच फोनवर अडकते. १९५३ च्या ब्राउन कायद्यामुळे स्थानिक संस्थांना नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते, आणि नवख्याला हा कायदा ओळखीपाळखीपेक्षाही अधिक उपयोगी पडतो. गंमत अशी की २०१८ पासून खुद्द टाइम्सचे कार्यालयही शहराच्या हद्दीबाहेर, विमानतळाजवळच्या एल सेगुंडो या वेगळ्या शहरात आहे.

टाइम्स मिरर कंपनी २००० मध्ये शिकागोच्या ट्रिब्यून कंपनीत विलीन झाली, २०१८ मध्ये दैनिक पॅट्रिक सून-शियाँग या उद्योजक डॉक्टरांनी विकत घेतले आणि मेटप्रोचे पुढे ‘लॉस एंजेलिस टाइम्स फेलोशिप’ झाले. सप्टेंबर २०२० मध्ये दैनिकाने वर्णभेदाच्या आपल्या इतिहासाबद्दल संपादकीयातून जाहीर माफी मागितली. त्यानंतर चार वर्षेही उलटली नव्हती तोच, जानेवारी २०२४ मध्ये, वार्ताकक्षातील किमान ११५ जणांना, म्हणजे पाचांतील एकाहून अधिकांना, कामावरून कमी करण्यात आले. कर्मचारी संघटनेच्या करारात सेवाज्येष्ठतेला संरक्षण होते, ते शिथिल करावे असा व्यवस्थापनाचा आग्रह होता आणि संघटनेने त्यास विरोध केला. जुन्या कर्मचाऱ्याला मालकाच्या मर्जीपासून वाचवणाऱ्या या नियमाची दुसरी बाजू अशी की कपात आली की ज्यांची सेवा अल्प त्यांच्या जागा आधी धोक्यात येतात. आणि वार्ताकक्षात वेगळ्या समाजांतून आलेली माणसे मोठ्या प्रमाणावर अलीकडेच भरती झालेली होती.