लागण आणि रोग : काही शब्दांचा नेमका अर्थ

गोठ्यात जनावर आजारी पडले की 'लागण झाली', 'रोग आला', 'साथ पसरली' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. बोलण्यापुरते ते चालते. उपाय योजताना मात्र त्यांतील भेद ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शरीराच्या व्यवहारात बिघाड होणे म्हणजे रोग. तो जंतूंमुळेच होतो असे नाही. कोवळा लसूणघास अधाशीपणे खाऊन पोट फुगणे हाही रोगच. पण शेजारच्या बैलास त्यापासून भय नसते. जंतू शरीरात शिरून वाढू लागले म्हणजे संसर्ग, अर्थात लागण, झाली. लक्षणे त्यानंतर काही काळाने दिसतात. या मधल्या अवधीस परिपाककाल म्हणतात. लाळ्या-खुरकूत रोगात तो बहुधा २ ते १४ दिवसांचा असतो. बाजारातून आणलेला बैल दावणीस बांधताना धडधाकट दिसतो आणि आठवड्याने लाळ गाळू लागतो. परंतु त्यापूर्वीच तो रोगाचे विषाणू बाहेर टाकीत असतो. यास्तव नवे जनावर निदान तीन आठवडे वेगळे बांधावे व त्याची पाण्याची बादलीही वेगळी ठेवावी. जागेची अडचण खरी असते, तरी आवाराच्या दुसऱ्या टोकास एक खुंटा ठोकता येतो.

काही जनावरे स्वतः निरोगी असूनही घशात घटसर्पाचे जंतू बाळगतात. त्यांस वाहक म्हणावे.

संसर्गजन्य व स्पर्शजन्य या शब्दांत नेहमी गल्लत होते. लाळ्या-खुरकूत रोग एका जनावराकडून दुसऱ्यास लागतो, म्हणून तो स्पर्शजन्य. फऱ्या हा जंतूंमुळे होतो, म्हणून संसर्गजन्य खरा. पण आजारी वासराच्या केवळ स्पर्शाने तो दुसऱ्यास होत नाही. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात व चाऱ्याबरोबर पोटात जातात. तेव्हा आजारी जनावर वेगळे बांधून येथे भागत नाही. ते चरले त्या कुरणात इतर जनावरे नेऊ नयेत, आणि ते मेल्यास कातडे न काढता खोल पुरावे.

लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. घटसर्प व फऱ्या हे दोन्ही पावसाळ्यात बळावतात. म्हणून ग्रामसेवकांनी मे महिन्यातच गावातील जनावरांची मोजदाद करून नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास लसीची मागणी कळवावी.