तुंब्यापासून सुरुवात

जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत ही पेण तालुक्यातली गणपतींची गावं. इथल्या कारखान्यात मोठी मूर्ती साच्यातून बाहेर येते तेव्हा प्लास्टरच्या पोटात नारळाचा काथ्या बसलेला असतो. प्लास्टर दाब सोसतं, पण ओढलं की तडकतं. ओढ सोसायचं काम काथ्याचं. पुढे टेम्पोत पेंढ्यावर बसून, महामार्गाचे खड्डे खात गणपती मुंबईला पोचतात. लोक बघतात ते रंग आणि डोळ्यांची आखणी. जुन्या स्पोर्ट्‌स कारला तारांची चाकं बसवण्याबद्दल लिहायला घेतलं आणि मला आधी आठवला तो हा काथ्या. तारेच्या चाकाचाही सगळा कारभार ओढीवर चालतो.

बैलगाडीचं चाक नेमकं याच्या उलट. लोखंडी धाव लालभडक तापवून लाकडी चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. धाव आक्रसते, आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यात, गच्च दाबले जातात, आणि गाडीचं ओझं खालच्या आऱ्यांवर उभं राहतं, घर खांबांवर राहतं तसं. सायकलच्या तारेला हे जमायचं नाही. दोन बोटांत धरून दाबली तरी ती वाकते. पण तीच ओढून बघा! म्हणून प्रत्येक तार आधीच ताणून ठेवतात. बैलगाडीत धाव ताणलेली आणि आरे दाबलेले. सायकलीत आरे ताणलेले आणि रिम दाबलेली.

ओझं आलं की तुंबा वरच्या तारांना लटकतो, असं पुष्कळजण मानतात. ऐकायला ते छान वाटतं. जोब्स्ट ब्रँट यांनी १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हिशेब मांडला तो वेगळा होता. वरच्या तारांचा ताण जवळजवळ बदलतच नाही. जमिनीलगतच्या मोजक्या तारांचा ताण तेवढा कमी होतो. चाक फिरतं तशी प्रत्येक तार आळीपाळीने सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. मुळात ताणच कमी असेल, तर ती पुरती ढिली पडते, हिसके खाते आणि एक दिवस तुटते. तारा तुटतात त्या बऱ्याचदा ढिलाईने, हे सायकलवाल्याला पुस्तक न वाचताच ठाऊक असतं.

ताणलेल्या चाकाची कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केलीने १८०८ साली मांडली, तीही उडत्या यंत्राला हलकी चाकं हवीत म्हणून. १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा तुंब्यातून सरळ बाहेर न काढता तिरप्या, एकमेकींना छेदत बसवल्या. सरळ तारांच्या चाकाला पेडलचा जोर लागला की तुंबा आधी थोडा फिरतो आणि रिम मागून येते. तिरप्या तारा तो जोर थेट रिमपर्यंत ओढून नेतात. मोटारीला तर हे हवंच, कारण तिथे इंजिनचा रेटाही आहे आणि ब्रेकचाही. रज-व्हिटवर्थ या सायकल कंपनीच्या जॉन प्यू यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीचं तारेचं चाक सिद्ध केलं, एकाच मधल्या नटावर निघणारं. शर्यतीच्या गाड्यांनी ते उचललं. वजन कमी, ब्रेकच्या ड्रमला वारा, आणि चाक बदलायला एक हातोडा.

दुसऱ्या महायुद्धानंतरची एमजी टीसी ही दोन माणसांची छोटी गाडी १९ इंची तारेच्या चाकांवर धावायची. तिच्या जागी आलेल्या टीडीला कारखान्याने नुसती पत्र्याची चाकं दिली. एमजीवाल्यांना ते रुचलं नाही. १९५३ च्या टीएफला तारेची चाकं पुन्हा मिळाली, जादा पैसे मोजून. म्हणजे पत्र्याची काढून तारेची बसवण्याची हौस आजकालची नाही. पुढे १९६२ ते १९८० या काळात एमजीबी या मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, आणि आज ही अदलाबदल पुष्कळदा होते ती त्यांच्यावर.

इथे नवखा फसतो. चाक बदलायचं म्हणजे चार नट काढून दुसरं चाक चढवायचं, अशी त्याची समजूत असते. तारेच्या चाकाला त्या चार नटांची भोकंच नसतात. त्याचा तुंबा एखाद्या डब्यासारखा पोकळ असतो आणि आतून दातेरी. गाडीच्या हबवर तसेच दाते बाहेरून असतात. ते एकमेकांत सरकतात, बाहेरून मोठा नट बसतो, झालं. या दात्यांना स्प्लाइन म्हणतात आणि इंजिनची सगळी ताकद त्यांच्यातूनच जाते. तेव्हा बदलायचे असतात ते हब, पुढचेही आणि मागचेही. तारेचं चाक पत्र्याच्या चाकापेक्षा बाहेर बसतं, म्हणून तारेच्या चाकांच्या एमजीबीला कारखान्यानेच मागचा आख आखूड दिला होता. पत्र्याच्या चाकांच्या गाडीवर नुसते हब बदलले तर टायर मडगार्डला घासू लागतो.

मग रस्ते दोन. पहिला, भंगारात गेलेल्या गाडीचा तारेच्या चाकांचा आख आणि पुढचे हब मिळवून सगळंच बदलायचं. दुसरा, मूळच्या चार बोल्टांवर बसणारे जोड-हब घ्यायचे. हे स्वस्त आणि एका दिवसाचं काम, पण बोल्ट कापून आखूड करावे लागतात, आणि घासण्याचा प्रश्न राहतो तो राहतोच. मला विचाराल तर पहिला. कापलेला बोल्ट परत वाढत नाही.

हब बसवताना डावं-उजवं सांभाळायचं. डावीकडच्या नटाला सुलटे आटे, उजवीकडच्याला उलटे. नट खोलायचा नियम मात्र दोन्हीकडे एकच: नटाच्या दोन कानांपैकी वरचा गाडीच्या नाकाकडे ठोकला की सुटतो, मागे ठोकला की आवळतो. गाडी चालताना चाकाची हबवर जी बारीक हालचाल होते, ती नट आवळतच नेते. हब डावे-उजवे झाले, तर तीच हालचाल नट उघडत जाते आणि चाक गाडीला सोडून पुढे निघतं. हे कान दिसायला फार देखणे. पण साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनी ते छाटले आणि आठकोनी नट आला. कान ठोकायला तांब्याचा नाहीतर शिशाचा हातोडा, लोखंडाचा कधीच नाही.

एमजीबीच्या एका चाकात ६० तारा असतात, जास्त मजबूत हव्या असतील तर ७२. तार रिमशी आवळणारा छोटा नट, म्हणजे निपल, पाव फेरा फिरवला तरी रिम कुठेतरी हलते. आपल्याकडे याला ‘आऊट काढणे’ म्हणतात आणि सायकलच्या दुकानात हे काम करणारा हात तुम्ही पाहिलेला असतो: चाक फिरवायचं, रिमलगत खडू धरायचा, जिथे खूण उमटेल तिथल्या समोरच्या बाजूच्या तारा किंचित आवळायच्या आणि या बाजूच्या तेवढ्याच सोडायच्या. मोटारीच्या चाकात तारांचे थर जास्त, म्हणून धीर जास्त. तार पान्याने हलकेच ठोकली की वाजते. ताणलेली खणखणते, ढिली नुसती थपथपते. रिमच्या आत वर आलेली तारेची टोकं घासून सपाट करायची, वरून पट्टी, मग ट्यूब. निपलच्या भोकांतून हवा निघून जाते, म्हणून जुन्या पद्धतीच्या चाकांना ट्यूबशिवाय गत्यंतर नाही.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाविरुद्ध बदल करू देत नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक दिला, तो सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असतील तर. तारेची चाकं तुमच्या मॉडेलला कारखान्यातूनच मिळत होती याचा जुना कॅटलॉग जवळ ठेवा. ज्या गाडीला ती कधीच नव्हती, तिला ती बसवणं म्हणजे नऊवारीवर बूट.

वेगासाठी म्हणाल तर हा खर्च करू नका. चांगलं ओतीव चाक आज तारेच्या चाकाहून हलकं, ताठ आणि बिनकटकटीचं असतं. पाऊस, खड्डे आणि पळस्पे ते पेण असा रस्ता ज्याच्या नशिबी आहे, त्याला वर्षातून एकदा चाकं उतरवून, स्प्लाइन पुसून, ग्रीस भरून पुन्हा चढवावी लागतील. एवढं करायची तयारी असेल तर मात्र उभ्या गाडीच्या त्या चाकातून पलीकडचं गवत दिसतं, ते बघण्याजोगं असतं.

जुने हब विकत घेणार असाल, तर एवढं करा. गाडी जॅकवर उचला, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवा. आतून ‘टक्’ असा आवाज आला तर स्प्लाइन झिजलेत. कितीही स्वस्त मिळत असले तरी ते हब घेऊ नका.