बुद्धीची गोळी

परीक्षेचे दिवस आले, की पालकमंडळी आम्हांस हटकून विचारतात: मुलाची बुद्धी वाढेल असे एखादे औषध आहे काय? विचारणारे गृहस्थ स्वतः चहाचा दुसरा पेला घेत असतात, हा भाग निराळा!

अशी म्हणविली जाणारी औषधे आहेत; पण ती नेमके वाढवितात काय? २०२३ साली मेलबर्नच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० निरोगी माणसांस मेथिलफेनिडेट, डेक्सअँफेटामाइन, मोडाफिनिल आणि औषध नसलेली नुसती गोळी, अशी पाळीपाळीने देऊन कोडी घातली. पिशवीत ठराविक वजनच मावते. मग कोणत्या वस्तू भरल्या असता सर्वांत जास्त किमतीचा माल बसेल? औषध घेतल्यावर माणसे अधिक वेळ खपली, वस्तू अधिक वेळा काढल्या-घातल्या. पण विचाराची प्रत खालावली. औषधाविना जे सरासरीहून वरचढ होते, ते बहुधा सरासरीखाली घसरले. वाढली ती धडपड.

कपाळावर पट्ट्या लावून एक-दोन मिलिअँपिअर वीज सोडण्याचेही प्रयोग चालतात. त्यांचे निष्कर्ष अद्याप एकमेकांशी जुळत नाहीत.

आता कोणी थोर गणिती पॉल एर्डॉश यांचे नाव घेईल. ते नित्य अँफेटामाइन घेत. १९७९ साली त्यांचे मित्र रोनाल्ड ग्रॅहॅम यांनी महिनाभर गोळ्या सोडून दाखविण्याची ५०० डॉलरची पैज लावली. एर्डॉश ती जिंकले; मात्र गणित महिनाभर मागे पडले अशी तक्रार करून त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पण बर्ट्रांडच्या गृहीतकाची त्यांची गाजलेली सिद्धता १९३२ सालची. गोळ्या आल्या त्या १९७१ साली आई वारल्यानंतर.