कोबेला कोण धावलं, आणि का?

17 जानेवारी 1995च्या पहाटे जपानमधलं कोबे शहर भूकंपाने हादरलं. 6,400हून अधिक माणसं दगावली. सरकारी यंत्रणा चाचपडत असतानाच पाठीला पिशव्या अडकवलेले तरुण तिथे उतरू लागले. वर्षभरात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक राबले. त्यांतल्या बहुतेकांनी असं काम आधी कधी केलेलं नव्हतं. जपानी लोक त्या सालाला ‘स्वयंसेवेचं पहिलं वर्ष’ म्हणतात.

माणसं अशी धावतात कशामुळे?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांचं उत्तर आहे समानुभूती. 1981मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सहभागींना पडद्यावर एक तरुणी विजेचे झटके सोसताना दिसे. (झटके अर्थातच खोटे.) उठून जायची मुभा असूनही, तिच्याविषयी कळवळा वाटलेले बहुतेक जण तिच्या जागी बसायला तयार झाले. रॉबर्ट चाल्डिनी यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते परक्याचं दुःख पाहून आपलं मन खिन्न होतं, आणि मदत हा ती खिन्नता घालवायचा उपाय. हा वाद बरीच वर्षं रंगला. ढिगाऱ्याखाली अडकलेल्याला त्याचं काय!

धावणं वेगळं, टिकणं वेगळं. ॲलन ओमोटो आणि मार्क स्नायडर यांनी एड्सग्रस्तांची सोबत करणाऱ्या स्वयंसेवकांचा अभ्यास केला, तोही 1995मध्येच प्रसिद्ध झाला. नवं काही शिकावं, स्वतःची वाढ व्हावी, अशा आपमतलबी वाटणाऱ्या हेतूंनी आलेले त्यात जास्त काळ टिकले. ‘अनुभव मिळेल म्हणून आलोय’ म्हणणाऱ्या पोराकडे पाहून मदत छावणीत नाकं मुरडली जातात. तिसऱ्या महिन्यात कदाचित तोच भांडी घासताना सापडेल.